डॉक्युमेंटेशन सोर्समधून बिल्ड करताना तीन शनिवार गेले. कुणी केलंय का हे?

म्हसरूळकर

मंडळी, नमस्कार. कमांड आणि एरर देवनागरीतच लिहितोय. फोनवर दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो, समजून घ्या.

आधी पार्श्वभूमी. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही चार जण दर रविवारी मुलांना संगणकावर नकाशे काढायला शिकवतो. बांध, विहिरी, पाझर तलाव, कुठल्या शेतात नागली आणि कुठल्यात वरई, असलं. देणगीतून आलेले नऊ जुने डेस्कटॉप आहेत. त्यांवर नकाशांच्या एका मुक्त सॉफ्टवेअरची २०२१ ची आवृत्ती चालते, नवी चढवली की यंत्रं बसकण मारतात. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष त्यांचा एकट्याचा नाही आणि करणारे बिचारे फुकट राबतात. पाड्यावर नेट म्हणजे शाळेमागच्या टेकाडावर चढलं तर एक काडी. म्हणून ठरवलं की मदतपुस्तिकाच प्रत्येक यंत्रावर टाकून ठेवायची, आणि सुरुवातीची दोन प्रकरणं मराठीत करून छापायचीसुद्धा.

वेबसाइटवर आता फक्त नव्या आवृत्तीची पुस्तिका आहे. मेनू वेगळे, चित्रं वेगळी, मुलं विचारतात "सर, हे बटन आपल्याकडे कुठंय?" जुन्या आवृत्तीच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, मात्र 'डॉक्स' नावाचं फोल्डर आहे. त्यातल्या रीडमीत एकच ओळ: मेक एचटीएमएल चालवा.

चालवलं.

पहिला शनिवार. यंत्र माझं, उबुंटू २४.०४. पुस्तिकेची पानं बांधणारं स्फिंक्स नावाचं साधनच यंत्रावर नाही म्हणाला, म्हणून पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने, टाकायला गेलो तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून दारातच अडवलं. वेगळं व्हेनव्ह, म्हणजे पॅकेजांसाठी स्वतंत्र खोली, करा म्हणे. केलं, तर व्हेनव्हचं पॅकेजच नाही. ते आणलं. तेवढ्यात लाइट गेली ती संध्याकाळी आली.

दुसरा शनिवार. लागणाऱ्या पॅकेजांची यादी असते त्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये स्फिंक्स ३.५.४ असं ठोकून लिहिलंय, तेच बसवलं. मेक एचटीएमएल. 'कॅनॉट इम्पोर्ट नेम एन्व्हायर्नमेंटफिल्टर फ्रॉम जिंजा२'. हा जिंजा कोण, मी तर त्याला बोलावलंच नव्हतं. शोधाशोध करून जिंजा ३.१ च्या खालचा बसवला.

तिसरा शनिवार, म्हणजे काल. आता म्हणतो की स्फिंक्सकॉन्ट्रिब अ‍ॅपलहेल्प या एक्स्टेन्शनला किमान स्फिंक्स ५.० लागतं, सबब बिल्ड होणार नाही. अहो मला अ‍ॅपल हेल्प नकोच आहे! नऊच्या नऊ यंत्रांवर लिनक्स आहे!

गंमत म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः याच सोर्समधून पाऊण तासात निमूट कंपाइल झालं होतं. सी++ चं एवढं धूड बांधून होतं आणि त्याची वही बांधून होत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

लासलगावचा भाव

"मेक एचटीएमएल चालवा" म्हणजे आमच्या आत्याची पाककृती. "पाक आला की लाडू वळावेत." पाक कसा येतो ते विचारायला आत्याकडेच जायचं.

देवळाली कॅम्प

बांधायचंच कशाला? डेबियन-उबुंटूत बऱ्याच सॉफ्टवेअरचं डॉक नावाचं वेगळं पॅकेज असतं, आयतं बिल्ड केलेलं. नाहीतर प्रकल्पाची पुस्तिका रीड द डॉक्स या साइटवर असेल तर तिथं कोपऱ्यात आवृत्ती बदलायची सोय असते आणि पुष्कळदा पीडीएफ किंवा एचटीएमएलची झिपही मिळते. तेवढं बघितलं का आधी? लोक थेट कुदळ घेऊन विहीर खणायला लागतात, शेजारी नळ असतो.

म्हसरूळकर

बघितलं साहेब. डॉक पॅकेज आहे, पण ते माझ्या उबुंटूबरोबर आलेल्या आवृत्तीचं, २०२१ चं नाही. त्यांची पुस्तिका त्यांच्याच सर्व्हरवर आहे, जुनी पानं काढून टाकलीत. आणि मराठी प्रकरणं घालायची तर सोर्स लागणारच. नळ असता तर कुदळ कशाला उचलली असती.

सहावी स्कीम

सर, तुम्ही अगदी बरोबर रस्त्यावर आहात, फक्त एकेक खड्डा वेगळा बुजवताय. मी कामावर हेच करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्फिंक्स मुळात पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी जन्मला. गेओर्ग ब्रांडल यांनी २००८ मध्ये तो बाहेर आणला, त्याआधी पायथनची कागदपत्रं लेटेक या छपाईच्या मांडणीच्या साधनात लिहीत. पुढे इतका पसरला की लिनक्स कर्नलनेही २०१६ मध्ये ४.८ पासून डॉकबुक ही पुस्तिका लिहायची जुनी पद्धत सोडून हा धरला. पण स्फिंक्स एकटा नसतो. पानांचे साचे जिंजा भरतो, मजकूर डॉक्युटिल्स वाचतो, थीम तिसऱ्याची, आणि अ‍ॅपलहेल्पसारखी पाच-सहा एक्स्टेन्शन्स पूर्वी त्याच्या पोटात होती ती नंतर वेगळी काढली. तुम्हाला नको असली तरी ती बरोबर येतातच, लग्नात करवल्या येतात तशी.

आता तुमच्या फाइलमध्ये स्फिंक्सची आवृत्ती बांधलीय, बाकीच्यांची नाही. म्हणजे नवरदेव २०२१ चा आणि वऱ्हाड आजचं. जिंजाने मार्च २०२२ मध्ये ३.१ काढताना एन्व्हायर्नमेंटफिल्टर हे जुनं नाव काढून टाकलं. त्या दिवशी जगभर जुन्या स्फिंक्सची बिल्डं पडली. मग जानेवारी २०२४ मध्ये त्या करवल्यांनी नव्या आवृत्त्या काढल्या आणि स्फिंक्स ५ ची अट घातली. पुन्हा पडली. तुम्ही पायथन ३.१३ वर असता तर आणखी एक बसला असता, कारण त्यात इमेजएचडीआर हे मॉड्यूलच काढलंय आणि जुना स्फिंक्स ते मागतो.

म्हणून आवृत्ती शोधू नका, तारीख शोधा. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदवहीत, तुमच्या आवृत्तीच्या टॅगची (खुणेची) शेवटची कमिट (नोंद) कुठल्या दिवसाची ते बघा. यूव्ही नावाचं साधन आहे, त्यात पॅकेजं बसवताना 'एक्स्क्लूड न्यूअर' असा पर्याय देता येतो. त्यापुढे ती तारीख लिहायची. मग तो त्या दिवसानंतर आलेलं काही म्हणजे काही उचलत नाही. आणि पायथनही तेव्हाचा घ्या, ३.९. यूव्ही तोही आणून देतो, तुमच्या उबुंटूच्या पायथनला हात न लावता. ३.१२ वर हट्ट धरलात तर २०२१ च्या पॅकेजांची व्हील्स, म्हणजे आधीच कंपाइल केलेले गठ्ठे, त्यासाठी नसतात, मग ती बसवताना पुन्हा सी कंपाइलर मध्ये येतो.

लासलगावचा भाव

नवरदेव २०२१ चा आणि वऱ्हाड आजचं, हे फ्रेम करून लावतो.

देवळाली कॅम्प

सहावी स्कीमला +१. 'एक्स्क्लूड न्यूअर' मला माहीत नव्हतं. मी आजवर पिप फ्रीझच्या, म्हणजे बसवलेल्या आवृत्त्यांच्या याद्यांच्या, जुन्या फाइली जपून ठेवत आलो, आजोबांच्या सातबाऱ्यासारख्या.

म्हसरूळकर

टॅगची तारीख २२ जून २०२१ निघाली. एक दिवस पुढची तारीख देऊन सगळं बसवलं. करवल्या शांत. जिंजा शांत. मी उठून चहा टाकला.

चहा उकळेपर्यंत नवी एरर. 'देअर इज अ प्रोग्रामेबल एरर इन युवर कॉन्फिगरेशन फाइल.' उघडून बघितली तर कॉन्फच्या फाइलमध्ये वर लिहिलंय की खुद्द सॉफ्टवेअर इम्पोर्ट करा आणि त्याला त्याचा आवृत्ती क्रमांक विचारा. कशासाठी? तर मुखपृष्ठावर छापायला!

बरं, सॉफ्टवेअर तर मी कंपाइल केलंय. मग सापडत का नाही?

सहावी स्कीम

कारण ते तुम्ही ३.१२ साठी कंपाइल केलंय आणि पुस्तिका आता ३.९ मध्ये बसलीय. कंपाइल केलेल्या त्या फाइलच्या नावात बघा, सीपायथन ३१२ असं लिहिलेलं दिसेल. ती ३.९ ला वाचता येत नाही.

दोन वाटा. एक, सॉफ्टवेअर पुन्हा ३.९ साठी बांधा. दुसरी, कॉन्फमधली ती इम्पोर्टची ओळ काढून आवृत्ती क्रमांक हाताने लिहा. मी दुसरी घेईन. पण मग ऑटोडॉक कुरकुरेल. ऑटोडॉक म्हणजे फंक्शनच्या आत लिहिलेल्या टिपणातून पान तयार करणारा भाग, त्यालाही सॉफ्टवेअर इम्पोर्ट करावं लागतं. त्यासाठी कॉन्फमध्ये 'ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स' आहे, म्हणजे खरं मॉड्यूल नसताना बुजगावणं उभं करायचं. प्रोग्रामरसाठीच्या पानांवर थोडं विचित्र काहीतरी छापलं जाईल, पण तुमच्या मुलांना मेनू आणि बटनंच हवीत ना?

म्हसरूळकर

हो, मेनू-बटनंच. बुजगावणं उभं केलं. कॉन्फची तक्रार मिटली. पण सुरुवातीलाच थांबला. या लोकांनी मेकफाइलमध्ये मोठ्या डब्ल्यूचा पर्याय लावलाय, म्हणजे प्रत्येक वॉर्निंगला एरर समजायचं. आणि वॉर्निंग काय, तर इंटरस्फिंक्सला दुसऱ्या प्रकल्पांच्या साइटवरून ऑब्जेक्ट्सची यादी आणता आली नाही. नेट बंद होतं माझं, दिवसाचा डेटा संपला होता.

डब्ल्यू काढला. पुन्हा मेक.

बिल्ड सक्सीडेड, ४१ वॉर्निंग्ज.

मंडळी, मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो. समोर चामरलेणीचा डोंगर दिसतो. बराच वेळ बघत बसलो.

लासलगावचा भाव

अभिनंदन! पेढे कुठल्या चौकात?

निवृत्त फिटर

अभिनंदन. पण तुम्ही पोरं स्फिंक्सलाच अवघड म्हणता याचं हसू येतं. आम्ही सातपूरच्या कारखान्यात लिनक्स चालवायचो तेव्हाची गोष्ट सांगतो. जीएनयूची काही साधनं गिटमधून बांधायला घेतली की मेक शेवटाला जाऊन म्हणायचा 'मेकइन्फो इज मिसिंग ऑन युवर सिस्टिम'. मेकइन्फो म्हणजे त्यांच्या पुस्तिका बांधणारं साधन, ते टेक्सइन्फोबरोबर येतं. गंमत अशी की टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या तयार गठ्ठ्यात, इन्फोची पानं तयारच दिलेली असतात, तरी तिथंही अडायचं. फक्त फाइलींच्या वेळा पुढेमागे झाल्या की मेकला वाटतं पानं शिळी झाली, पुन्हा करा. उपाय आमच्या फोरमनने सांगितला होता. मेक म्हणताना पुढे 'मेकइन्फो बरोबर ट्रू' लिहायचं. ट्रू ही कमांड काहीच करत नाही आणि सगळं छान झालं म्हणून सांगते. बरीच माणसंही अशीच असतात.

पुस्तिका नको असेल तेव्हा हा उपाय. हवी असेल तर टेक्सइन्फो बसवा. पण २०१३ मध्ये टेक्सइन्फो ५.० आलं, मेकइन्फो पर्लमध्ये नव्याने लिहिलं, आणि ते आधीच्यापेक्षा कडक निघालं. जुना मेकइन्फो कानाडोळा करायचा त्या चुकांवर हा अडून बसायचा. जीसीसी या कंपाइलरच्या जुन्या आवृत्त्यांच्या पुस्तिका तिथं पडल्या. म्हणजे तुमचं जिंजाचं रडगाणं नवं नाही.

आणि डॉकबुक! पोस्टग्रेस या डेटाबेसची पुस्तिका आजही डॉकबुकमध्ये आहे, एक्सएसएलटीप्रॉकने बांधतात. डॉकबुकची एक्सएमएल आणि स्टाइलशीट दोन्ही पॅकेजं यंत्रावर नसली तर तेव्हा तो इंटरनेटवरून एकेक तुकडा आणायला जायचा. आपल्याला वाटायचं यंत्र काम करतंय, ते आपलं दाराशी उभं राहून वाट बघत असायचं. आम्हाला अर्धा दिवस कळलंच नाही. पीडीएफ हवी तर अपाची एफओपी, म्हणजे जावा, म्हणजे रॅम. आमच्या त्या वेळच्या यंत्रात तेवढी रॅम म्हणजे सासरच्या माणसांना एका खोलीत झोपवणं.

देवळाली कॅम्प

काका, पूर्वीच बरं होतं असं म्हणताय की पूर्वीही वाईट होतं असं?

निवृत्त फिटर

पूर्वीही वाईटच होतं. पण तेव्हा आम्ही तरुण होतो.

विद्याविहार ते विल्होळी

हे सगळं वाचून एकच म्हणेन, डॉकर. म्हणजे सगळी साधनं आयती भरलेला डबा, त्यालाच इमेज म्हणतात. स्फिंक्सवाल्यांच्या स्वतःच्या डॉकर इमेज आहेत, एक साधी, एक पीडीएफसाठी लेटेकसकट. ओढा, चालवा, विसरा. २०२१ चा टॅग ओढलात तर जिंजाबिंजा सगळं तेव्हाचंच मिळेल. तीन शनिवार कशाला घालवायचे?

म्हसरूळकर

दादा, लेटेकसकटची इमेज जीबीच्या घरातली आहे. माझा दिवसाचा डेटा दीड जीबी. ब्रॉडबँडवाला आमच्या गल्लीत अजून खड्डाच खणतोय.

विद्याविहार ते विल्होळी

प्रकाटाआ

विद्याविहार ते विल्होळी

आधीचा प्रतिसाद काढला, उगाच तिरका झाला होता. मी आता नाशकातच आहे. इमेज ओढून डॉकर सेव्हने टार फाइल करतो आणि पेनड्राइव्हवर देतो, तुमच्याकडे डॉकर लोड केलं की झालं. गुरुवारी संध्याकाळी निमाणीला येऊ शकता का?

म्हसरूळकर

येतो. सहा वाजता, शहर बसच्या बाजूला. निळी पिशवी असेल.

शब्दवेल्हाळ

आत्ता वाचला हा धागा. म्हसरूळकर, तुम्ही मराठी प्रकरणं घालणार म्हणालात ना, मग खरी मजा पुढेच आहे. मी एका मुक्त प्रकल्पाचं मराठीकरण करते, गेली काही वर्षं. तुम्हाला दोन गोष्टी आत्ताच सांगते, नाहीतर आणखी दोन शनिवार जातील.

पहिली शीर्षकाची. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, म्हणजे स्फिंक्ससाठी मजकूर लिहायच्या पद्धतीत, शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची रेघ ओढतात आणि ती शीर्षकापेक्षा आखूड चालत नाही. तुम्ही 'प्रस्तावना' लिहाल. डोळ्यांना अक्षरं किती दिसतात? प्र, स्ता, व, ना. चार. सढळ हाताने पाच चिन्हं द्याल, आणि डॉक्युटिल्स म्हणेल 'टायटल अंडरलाइन टू शॉर्ट'. कारण तो अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे तुकडे मोजतो. प, हलन्त, र, स, हलन्त, त, काना, व, न, काना. दहा. त्यातले हलन्त तेवढे सोडून देतो, काने मात्र मोजतो. म्हणजे आठ चिन्हं हवीत. मी आता हिशेबच करत नाही, सरसकट चाळीस ठोकते. लांब रेघेला तो काही म्हणत नाही.

दुसरी जास्त खोल आहे. कमांडचं नाव वेगळ्या टंकात दिसावं म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बॅकटिक, म्हणजे उलटी स्वल्पासारखी चिन्हं, द्यायची, बरोबर? इंग्रजीत नावानंतर मोकळी जागा येते, काही अडत नाही. आपण काय लिहितो? मेकने. मेकला. मेकच्या. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, आणि रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टचा नियम असा की बंद होणाऱ्या खुणेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवं. लगेच 'ने' आला की ती खूण बंद झालीच नाही असं तो धरतो. मग 'इनलाइन लिटरल स्टार्ट-स्ट्रिंग विदाउट एंड-स्ट्रिंग'. माझ्या पहिल्या प्रकरणात या एका कारणाने त्र्याण्णव वॉर्निंग होत्या. त्र्याण्णव! ठळक शब्दांचंही तेच.

तोड अशी: बंद खुणेनंतर उलटी तिरकी रेघ आणि एक मोकळी जागा, मग प्रत्यय. छापताना ती रेघ आणि जागा दोन्ही नाहीशी होतात आणि 'मेकने' असं जोडूनच उमटतं. अनुवाद पीओ फाइलमध्ये, म्हणजे मूळ वाक्य आणि अनुवाद जोडीने ठेवणाऱ्या फाइलमध्ये, करत असाल आणि फाइल नुसत्या एडिटरमध्ये उघडली असेल तर तिरक्या रेघा दोन द्या, कारण पीओ एक खाऊन टाकते. पीओ एडिट या अनुवादाच्या साधनात एकच.

सहावी स्कीम

ताई, हे मी कुठेच वाचलं नव्हतं! मी मराठीत कधी डॉक्स लिहिलेच नाहीत म्हणून माहीत नव्हतं. संयोगचिन्ह चालेल का, मेक-ने असं? हायफन त्याला चालतो बहुतेक.

शब्दवेल्हाळ

चालतो. पण मला चालत नाही. :) 'मेक-ने' वाचताना दर वेळी ठेच लागते. काही जण 'मेक या कमांडने' असं लिहून वाट काढतात, ते बरं वाचतं. पण प्रत्येक ठिकाणी 'या कमांडने' 'या बटनावर' 'या मेनूत' घातलं की पुस्तिका सरकारी परिपत्रक वाटायला लागते. प्रत्यय शब्दाला जोडून लिहायचा हा आपला साधा नियम आहे, यंत्रासाठी का मोडायचा?

निवृत्त फिटर

बाईंशी सहमत. भाषा यंत्राला वळवून घेऊ नये. यंत्र वळवावं.

देवळाली कॅम्प

अवांतर: पण 'कमांड' चालतं आणि 'मेक-ने' चालत नाही?

शब्दवेल्हाळ

कमांड तुमच्या आजीच्या तोंडात बसलंय. हायफन बसलेला नाही.

म्हसरूळकर

ताई, आपले अनंत उपकार. तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधी मी मराठी प्रकरण टाकून बघितलं होतं आणि वॉर्निंगा ४१ च्या १३६ झाल्या होत्या. तिरक्या रेघा दिल्यावर ४४. उरलेल्या तीन माझ्या स्वतःच्या आहेत, शोधतोय.

गुरुवारी पेनड्राइव्ह मिळाला, विद्याविहार ते विल्होळी यांचे जाहीर आभार. माणूस टंकतो त्यापेक्षा प्रत्यक्षात फार मऊ आहे. मिसळीचे पैसेही देऊ दिले नाहीत.

आता पीडीएफ. पहिल्या फेरीत लेटेक म्हणाला की 'युनिकोड कॅरेक्टर म, यू+०९२ई, नॉट सेट अप फॉर यूज विथ लेटेक'. म्हणजे 'मदतपुस्तिका' या शब्दाच्या पहिल्याच अक्षराला गाडी बंद. यावर उपाय मिळाला, कॉन्फमध्ये लेटेक इंजिन म्हणून झीलेटेक लिहायचं. लिहिलं. पीडीएफ आली. उघडली. मुखपृष्ठावर मोठ्या टायपात:

नाशकि

खाली 'पेठ तालुका' बरोबर आहे. 'शिका' चं 'शकिा' झालंय. हे वाचून मुलं मला शिकवतील.

लासलगावचा भाव

नाशकि! आता बसस्थानकावर हीच पाटी लावा.

शब्दवेल्हाळ

हसू नका हो, हे आम्ही सगळ्यांनी भोगलंय. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवतात: श, मग वेलांटी, मग क. दाखवताना ती श च्या अलीकडे नेऊन बसवणं हे फॉन्टचं आणि मांडणी करणाऱ्या इंजिनाचं काम. झीलेटेकला तुम्ही लिपी सांगितली नाहीत, तर तो रोमनसारखं एकापुढे एक ठेवत जातो. वेलांटी श च्या पुढे पडते, आणि आपल्या डोळ्याला ती पुढच्या क ची वाटते. जोडाक्षरंही बघा, 'नकाशाच्या' मधला 'च्या' फुटला असेल.

स्फिंक्स झीलेटेकबरोबर आपणहून फ्रीसेरिफ फॉन्ट घेतो. त्यात देवनागरी आहे म्हणून तुम्हाला निदान अक्षरं तरी दिसली. कॉन्फमध्ये लेटेक एलिमेंट्समध्ये फॉन्टपीकेजी नावाचा कप्पा असतो, तिथं मुख्य फॉन्ट स्वतः द्या आणि त्याच्या पुढे दोन गोष्टी लिहा: स्क्रिप्ट देवनागरी, लँग्वेज मराठी. स्क्रिप्टने वेलांटी जागेवर येते. लँग्वेजने, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श आपले मराठी वळणाचे येतात, हिंदीचे नाहीत. मी मुक्ता वापरते. मुंबईच्या एकटाइपचा आहे, मुक्त परवान्याचा, आणि त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. हे महत्त्वाचं, कारण फक्त देवनागरी असलेला फॉन्ट मुख्य म्हणून दिलात तर इंग्रजी मेनूंची नावं गायब होतात.

सहावी स्कीम

सर, फॉन्ट बदलल्यावर आधी मेक क्लीन करा. जुन्या मधल्या फाइली बिल्ड फोल्डरमध्ये राहिल्या की तुम्ही बदल केलाय आणि परिणाम दिसत नाही, मग माणूस स्वतःवरच शंका घेतो. मी एकदा एक अख्खी रात्र असा बसलो होतो.

म्हसरूळकर

मुक्ता, देवनागरी, मराठी, मेक क्लीन.

नाशिक.

ल ला आपली गोलाई आलीय. बायकोला दाखवलं, ती म्हणाली "हो, ल आहे." जाऊ द्या.

कोडच्या चौकटींत मी मराठीत टिपा लिहिल्या होत्या, तिथं अजून रिकामे चौकोन येतायत. तो फॉन्ट वेगळा असतो म्हणे. त्या चौकटी दोनच आहेत, टिपा खाली साध्या मजकुरात आणून टाकल्या.

शब्दवेल्हाळ

चौकटींसाठी मोनो फॉन्टही तसाच वेगळा सांगावा लागतो. पण दोनच असतील तर तुम्ही केलंत तेच बरं.

म्हसरूळकर

रविवारी नऊही यंत्रांवर एचटीएमएल टाकलं आणि छापील तीस प्रती नेल्या. एका मुलीने पहिल्या तासातच दाखवून दिलं की पान १२ वरचं चित्र उलट्या क्रमाने आहे. ती चूक मूळ पुस्तिकेतलीच आहे, इतकी वर्षं कुणी बघितली नव्हती.

म्हटलं, एवढं सगळं शिकलो तर ज्यांचं आहे त्यांना परत द्यावं. चित्राची दुरुस्ती केली, आणि 'मेक एचटीएमएल चालवा' या ओळीच्या जागी नीट पान लिहिलं: कुठला पायथन, कुठली तारीख, इम्पोर्टची ओळ काढली तर काय होतं, नेट नसेल तर काय, प्रत्यय जोडणाऱ्या भाषांसाठी तिरकी रेघ. सहावी स्कीमने इंग्रजी तपासून दिलं. काल रात्री पाठवलं.

पाच मिनिटांत त्यांच्या रोबोचं उत्तर आलं. डॉक्युमेंटेशन बिल्ड फेल्ड.

'बिल्डिंग द डॉक्स' या शीर्षकाखाली माझं एक बरोबरचं चिन्ह कमी पडलं होतं.

शब्दवेल्हाळ

चाळीस, म्हसरूळकर. चाळीस.